अभ्यासिकेतली चौदा मशीनं: नेटवर्क इन्स्टॉलच्या नोंदी

३ मे २०२४

आज टेम्पोतून मशीनं उतरली. अमरावतीच्या एका कार्यालयानं निर्लेखित केलेली चौदा डेस्कटॉप, चोवीस पोर्टचा एक जुना स्विच आणि पोतंभर वायरी. वाचनालयाच्या अभ्यासिकेत ती लावायची आणि पोरांना फॉर्म भरायला, सराव परीक्षा द्यायला उपलब्ध करून द्यायची, असं काकाजींचं (म्हणजे सचिवांचं) ठरलंय. पुढच्या रांगेत आठ, मागच्या रांगेत सहा. ११ नंबरचा पॉवर सप्लाय वीजच देत नाही, ते बाजूला ठेवलं.

पेन ड्राइव्हनं करणार नाही. अर्ध्याहून जास्त मशीनांचं बायोस पेन ड्राइव्हवरून नीट बूट होत नाही, सीडी ड्राइव्ह उघडत नाहीत, आणि चौदा वेळा तेच तेच करायला मे महिन्यात माणूस लागतो, तो मी नाही. नेटवर्कवरून डेबियन १२ (मोफत लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायचं. या चौदांखेरीज एक बरं मशीन सर्व्हर म्हणून वेगळं काढलं आहे: मशीनांना नेटवर्कवरचा पत्ता वाटायला आणि टीएफटीपीनं (फाइली पाठवायची अगदी साधी पद्धत) फाइली द्यायला त्यावर डीएनएसमास्क, पॅकेजं साठवून ठेवायला ॲप्ट-कॅशर-एनजी. इंटरनेट फोरजी राउटरचं, तेही संध्याकाळी रांगतं. एकदा उतरलेलं पॅकेज पुन्हा बाहेरून आणायचं नाही, हा हिशेब.

मदतीला भाची. बारावीचा पेपर देऊन रिकामी आहे.

५ मे

पहिल्या मशीनवर ‘पीएक्सई-ई५१’ ही त्रुटी (पीएक्सई म्हणजे नेटवर्कवरून बूट होणं). म्हणजे पत्ता देणारं कोणी भेटलंच नाही. सर्व्हरवर टीसीपीडंप (वायरीवरची ये-जा दाखवणारा प्रोग्रॅम) लावून बसलो, मशीनची हाक इथपर्यंत येतच नव्हती. लॅपटॉप त्याच वायरीला लावला तर पत्ता मिळतो, पण थोडा दम खाऊन.

तो दमच कारण निघाला. स्विचवर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये गोल फेरा तयार होऊ न देणारी सोय) चालू आहे. वायरीत जीव आला की पोर्ट आधी १५ सेकंद ऐकतो, मग १५ सेकंद शिकतो, आणि मगच वाहतूक सोडतो. आमच्या मशीनांचं रॉम (कार्डावरचा बूटचा छोटा प्रोग्रॅम) तोवर हाका मारून दमतं. खात्री करायला मशीन आणि स्विचच्या मध्ये पाच पोर्टचा साधा चारशे रुपयांचा डबा लावला. मोठ्या स्विचला आता वायर कायम जिवंत दिसते, मशीन बंद-चालू झाल्याचं कळतच नाही. लगेच पत्ता मिळाला. स्विचचा पासवर्ड कोणालाच माहीत नाही, म्हणून बटण दाबून रिसेट केला आणि मशीनांच्या पोर्टवर पोर्टफास्ट लावलं, म्हणजे ही थांबाथांब नाही.

६ मे

पत्ता मिळतो, पुढे ‘ई३२’: टीएफटीपी उघडताना वेळ संपली. सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये यूडीपी ६९ (टीएफटीपीचा दरवाजा) उघडायचाच राहिला होता. माझीच चूक, दहा मिनिटांत मिटली.

दोन मशीनांवर मात्र ‘ई५३’: पत्ता मिळाला, पण बूट फाइलीचं नाव नाही. फोरजी राउटरही पत्ते वाटत होता, आणि त्याचं उत्तर आधी पोचत होतं. राउटरचं डीएचसीपी (पत्ते वाटणं) बंद केलं. एका घरात दोन कारभारी नकोत.

९ मे

‘एलडीलिनक्स.सी३२ लोड झाली नाही.’ बूटला लागणारी ही फाइल फोल्डरमध्ये तर दिसते. नीट पाहिलं तर तिचा आकार शून्य.

नेटबूटचं टारबॉल (नेटवर्कवरून बूट करायच्या फाइलींचं गाठोडं) मी घरी लॅपटॉपवर उघडलं होतं आणि पेन ड्राइव्हवर टाकून इथं आणलं होतं. त्या टारबॉलमध्ये वरच्या पातळीवरची पीएक्सईलिनक्स.० आणि एलडीलिनक्स.सी३२ या खऱ्या फाइली नसतात, आत डेबियन-इन्स्टॉलरच्या फोल्डरकडे बोट दाखवणाऱ्या सिमलिंक असतात. पेन ड्राइव्हची फाइली ठेवायची फॅट पद्धत सिमलिंक ओळखत नाही. पीएक्सईलिनक्स.० मी हातानं कॉपी केली होती म्हणून ती चालली आणि दुसऱ्याच पायरीला पाय घसरला. टारबॉल सर्व्हरवरच पुन्हा उघडलं. निळा मेनू आला. काकाजी मागं उभे होते, म्हणाले, “झालं ना मग?” मी मान हलवली. हलवायला नको होती.

१३ मे

पुढच्या रांगेतली आठही झाली. उत्तरं आधीच लिहून ठेवलेली प्रीसीड फाइल असल्यामुळे मशीनपुढे बसावं लागत नाही. पहिल्याला बराच वेळ लागला, नंतरच्यांना पॅकेजं घरातूनच मिळाली.

लॉगमध्ये प्रत्येक मशीनच्या नावापुढे एक त्रुटी दिसते: ‘एरर ८, वापरणाऱ्यानं थांबवलं’ अशा अर्थाची. भाची घाबरली. यात काही बिघडलेलं नाही. रॉम आधी फाइल मागतं ते फक्त आकार विचारायला. आकार कळला की सौदा मोडतं आणि मग खरोखर मागतं. भाजीवाल्याला भाव विचारून पुढे जायचं आणि परत यायचं, तसंच.

१४ मे

मागची रांग. एकही मशीन होत नाही.

कर्नल (सिस्टिमचा गाभा) येतो. मग इनिट-आरडी (इन्स्टॉलर ज्यातून सुरू होतो ती मोठी फाइल) यायला लागते, पडद्यावर टिंबं पडत जातात, मध्येच थांबतात आणि मग वेळ संपल्याची तक्रार. ९ नंबर दुसऱ्याच ओळीत थांबलं, १२ नंबर जवळजवळ शेवटाला जाऊन थांबलं, ९ पुन्हा लावलं तर वेगळ्याच ठिकाणी. सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘फाइल पाठवणं फसलं’ एवढंच.

९ नंबर उचलून पुढे ३ च्या जागी नेलं: झालं. ३ नंबर मागं नेलं: अडकलं. दोष जागेत आहे, मशीनमध्ये नाही. एवढं आज कळलं आणि वीज गेली. परत आली तेव्हा साडेआठ वाजले होते.

१६ मे

दोन दिवस चुकीच्या रस्त्यानं गेलो, तरी लिहून ठेवतो.

टीएफटीपी एका वेळी एकच तुकडा पाठवतं. तुकडा गेला, पोच आली, की पुढचा. मुळात तुकडा ५१२ बाइटचा. १९९५ पासून मोठा तुकडा ठरवून घ्यायची सोय आहे, आणि साध्या इथरनेटवर तो १४६८ पर्यंत अख्खा मावतो: १५०० मधून आयपीचे २०, यूडीपीचे ८ आणि टीएफटीपीचे स्वतःचे ४ वजा. मला वाटलं, मागच्या रांगेच्या वाटेवर कुठंतरी मोठं पॅकेट अडतंय. डीएनएसमास्कला सांगितलं, तुकड्याच्या आकारावर बोलणी करू नको. म्हणजे सगळं ५१२ नं. ९ नंबर लावलं. तास उलटून गेला, पण इनिट-आरडी आली! मी खूश. मग इन्स्टॉलर सुरू होऊन पॅकेजं उतरवायला लागला, आणि तिथं तो मुंगीच्या पावलानं. पॅकेजं एचटीटीपीनं येतात, टीएफटीपीशी त्यांचा संबंध नाही. म्हणजे रोग तसाच राहिला आणि मी नुसती फोडावर पट्टी बांधली.

डीएनएसमास्कवरच संशय आला म्हणून मित्राच्या लॅपटॉपवरचा एक जुना छोटा टीएफटीपी सर्व्हर चालवला आणि कर्लनं इनिट-आरडी ओढली, पुढच्या रांगेतल्या चांगल्या केबलवर. तीही अडकली! पण हे अडकणं वेगळं होतं. तीन वेळा ओढली, तिन्ही वेळा ३,३५,५३,९२० बाइटवर, एक बाइट इकडे नाही की तिकडे नाही. या आकड्याला ५१२ नं भागलं की ६५,५३५ येतात. तुकड्याचा क्रमांक लिहायला दोनच बाइट असतात, त्यात ६५,५३५ च्या पुढचा आकडा बसत नाही. नव्या सर्व्हरांना पुन्हा शून्यापासून मोजायला येतं, या जुन्याला येत नाही. आमची इनिट-आरडी ३२ एमबीच्या वरची. तो लॅपटॉप परत केला, पण फरक वहीत मोठ्या अक्षरात लिहिला: दरवेळी त्याच जागी थांबत असेल तर मोजणी तपासा, दरवेळी वेगळ्या जागी थांबत असेल तर वाट तपासा.

१७ मे

४५ अंशांच्या वर. अभ्यासिकेचा कूलर पाण्याविना फिरतोय. सर्व्हरचं झाकण काढून समोर टेबल फॅन लावला.

आज वाट तपासली. मागच्या रांगेत लॅपटॉप लावून सर्व्हरला पिंग, म्हणजे पॅकेटं पाठवून परत येतात का ते बघणं. साधी छोटी शंभर पॅकेटं: एक हरवलं. १४७२ बाइटची शंभर: सव्वीस हरवली. मोठं अडतं आणि छोटं जातं असं नाही, मोठं जास्त वेळा मोडतं. जितकं लांब पॅकेट तितकी त्यात एखादी बिट बिघडायची संधी जास्त. ५१२ च्या तुकड्यांनी काम भागलं त्याचं कारण हे.

आणि माझा मूर्खपणा. तीन दिवस मी सर्व्हरच्या कार्डाचे आकडे बघत होतो: सीआरसी चुका (वाटेत मोडलेल्या पॅकेटांची मोजणी) शून्य. म्हणून वायरी ठीक, असं धरून चाललो होतो. पण मध्ये स्विच आहे. स्विच अख्खं पॅकेट आत घेतो, तपासतो आणि बरं असलं तरच पुढे पाठवतो. स्विचपासून मशीनपर्यंतच्या तुकड्यात जे मोडतं ते सर्व्हरला कधीच दिसणार नाही, ते त्या टोकालाच मोजावं लागतं. लॅपटॉपवर एथटूलनं आकडे काढले आणि पुन्हा पिंग सोडलं. सीआरसी चुका डोळ्यांदेखत चढत होत्या.

स्विचवर तो पोर्ट १० एमबीपीएसवर बांधला. एकही पॅकेट हरवलं नाही. १०० वर नेला की पुन्हा सव्वीस-सत्तावीस.

संध्याकाळी वायरमनभाऊला बोलावलं. मागच्या रांगेच्या सहा केबली त्यानंच ओढल्या आणि त्यानंच टोकं बसवली. पुढच्या रांगेला तयार पॅच कॉर्ड आहेत. टेस्टर घेऊन आला, दोन्ही टोकांना लावला. एक ते आठ, हिरवे लाइट ओळीनं लागत गेले.

“पाह्य ना भाऊ, आठही लागले. अजून काय पाह्यजे? तुमचं सॉफ्टवेअरच गडबड करून राह्यलं.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लाइट तर लागत होते.

१८ मे

सकाळी भाची एकटीच येऊन बसली होती. वायरमनभाऊनं कापून फेकलेला हातभर तुकडा उकलून बघत होती. मी आलो तर म्हणाली, “मामा, ह्या आतल्या वायरी दोन-दोन वळून ठेवल्या आहेत, मुद्दाम वळल्यात का?”

मुद्दामच. वेटोळ्यातल्या दोन वायरी एकमेकींची उलट बाजू वाहतात, म्हणून शेजारच्या जोडीचा आवाज दोघींवर सारखा पडतो आणि वजा होऊन जातो. हे सांगता सांगता मी ९ नंबरच्या केबलचं पारदर्शक टोक उजेडात धरलं. रंग डावीकडून: नारंगी-पांढरी, नारंगी, हिरवी-पांढरी, हिरवी, निळी-पांढरी, निळी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. ओळीनं, नीट, सुबक. आणि चूक.

१०० एमबीपीएसला चार वायरी लागतात: १ आणि २ ची एक जोडी, ३ आणि ६ ची दुसरी. म्हणून टी५६८बी या ठरलेल्या रंगक्रमात हिरवी जोडी मध्ये फाटते: ३ वर हिरवी-पांढरी, मग ४ वर निळी, ५ वर निळी-पांढरी, आणि ६ वर हिरवी. भाऊनं रंग ओळीनं लावल्यामुळे ३ वर हिरवी-पांढरी पण ६ वर निळी गेली. एक वायर हिरव्या वेटोळ्यातली, दुसरी निळ्या वेटोळ्यातली. वळलेल्या जोडीचा जो उपयोग, तोच संपला. नारंगी जोडीचा सगळा गलबला तिच्यात शिरतो. १० च्या चालीत ते खपून जातं, १०० च्या चालीत नाही, आणि मागच्या केबली तीस-पस्तीस मीटर. टेस्टर मात्र एवढंच विचारतो की या टोकाची एक त्या टोकाच्या एकला लागते का. लागते. दोन्ही टोकांना एकच चूक केली की टेस्टर हिरवाच.

भाऊला बोलावून दाखवलं. आधी ऐकेना. मग ९ ची दोन्ही टोकं कापून मी बी क्रमानं बसवली आणि त्याच्यासमोर मोठ्या पॅकेटांचं पिंग सोडलं. शंभरातली शंभर परत. तो बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला, मग म्हणाला, “आता डिशच्या कामात हे कोणी सांगतच नाही ना.” खरंच कोणी सांगत नाही. क्रिम्पिंग टूल त्यानंच हातात घेतलं आणि उरलेली दहा टोकं बसवून दिली. दोन वाया गेली. पैसे घेतले नाहीत.

डीएनएसमास्कमधली ५१२ ची बंदी काढली.

२१ मे

बारावीचा निकाल. दुपारी एकला लागणार म्हणून साडेबारापासून पुढच्या रांगेपुढे ही गर्दी. फोरजी राउटर आडवा झाला, पण मशीनं उभी राहिली. भाची ७४ टक्के. काकाजींनी पेढे वाटले, कीबोर्डवर सांडले.

मागच्या रांगेतली पाचही झाली, ११ सोडून.

२७ मे

नवतपा चालू आहे. दुपारी काम होत नाही, सकाळी सात ते अकरा.

नवी तक्रार: तीन मशीनांवर ॲप्ट (पॅकेजं बसवणारा प्रोग्रॅम) म्हणतो, रिलीज फाइल (पॅकेजांची सही केलेली यादी) अजून लागू झालेली नाही, इतके इतके दिवस बाकी आहेत. फाइल नीट उतरली आहे, सर्व्हरवरच्या फाइलीशी बेरीज जुळते. मशीनची तारीख पाहिली तर २००९. मदरबोर्डवरचा सेल संपलेला. वीज गेली की घड्याळ मागं जातं, आणि उद्याची तारीख असलेल्या सहीवर कोण विश्वास ठेवणार. मोर्शीहून सीआर२०३२ सेल आणले, तिन्हींना घातले. वर सर्व्हरलाच वेळ द्यायला लावलं, क्रोनीनं.

१ जून

आता फाटकाचं मशीन, तेही चौदांबाहेरचं: इंटरनेट आणि अभ्यासिका यांच्यामध्ये ओपनबीएसडी ७.५ ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम. डेबियन का नाही, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर असं की याची फायरवॉल मला वाचता येते.

पीएक्सईबूट आणि बीएसडी.आरडी या बूटच्या फाइली मी स्वतः उतरवल्या होत्या, त्या टीएफटीपीनं पहिल्याच फटक्यात चढल्या. सिस्टिमचे मोठे संच (दाबलेल्या फाइली) मित्रानं अमरावतीला एका कॉलेजच्या जुन्या एफटीपी सर्व्हरवरून विंडोजच्या काळ्या खिडकीतून उतरवून पेन ड्राइव्हवर दिले होते. ते आमच्या सर्व्हरवर ठेवून एचटीटीपीनं द्यायला लावले. इन्स्टॉलर म्हणाला, एसएचए२५६ च्या फाइलीवरची (संच पडताळायच्या बेरजांची यादी) सही जुळत नाही, तपासणीशिवाय पुढे जायचं का? कंसात ‘नाही’ आधीच लिहिलेलं असतं. नाहीच म्हटलं.

आधी वायरीकडे पाहिलं, सवयीनं. चुका शून्य, दोन्ही टोकांना. मग ती सहीची फाइल कॅटला -व्ही लावून (म्हणजे न दिसणारी अक्षरंही दिसतात) उघडली. प्रत्येक ओळीच्या शेवटी वरची टोपी आणि एम. म्हणजे विंडोजचा ओळ-शेवट. विंडोजचं एफटीपी आपण ‘बायनरी’ म्हटलं नाही तर सगळ्याला मजकूरच समजतं, आणि मजकुरात जिथं जिथं नवी ओळ तिथं तिथं आधी एक बाइट जास्तीचा येतो. मजकुराला ते चालतं. दाबलेल्या संचात ओळी नसतात, पण नव्या ओळीचा बाइट योगायोगानं येतोच, २५६ मध्ये सरासरी एकदा. बेस संचाचा आकार इंडेक्सच्या फाइलीतल्या आकाराशी लावून पाहिला. जास्तीचे बाइट मूळ आकाराच्या जवळजवळ बरोब्बर दोनशे छप्पन्नाव्या हिश्श्याएवढे. हे गणित जुळलं तेव्हा एकटाच हसलो, काकाजींनी वळून पाहिलं.

मित्राला पुन्हा पाठवणार होतो. मग वाटलं, घातलेला बाइट काढता यावा. त्या सर्व्हरनं डोळे मिटून प्रत्येक नव्या ओळीआधी एक बाइट घातला असेल तर तो तसाच काढून मूळ फाइल परत मिळते. जिथं आधीच होता तिथं त्यानं घातलाच नसेल, तर आता काढताना मूळचाही निघून जाईल आणि सगळं वाया. पर्लची एक ओळ सगळ्या फाइलींवर चालवली. आकार जुळले. सही जुळली. संच एकेक करून तपासणीतून पार झाले. ते कॉलेजातलं मशीन आंधळं निघालं म्हणून अमरावतीची एक फेरी वाचली.

मित्राला निरोप पाठवला: पुढच्या वेळी आधी ‘बिन’ टाइप करायचं, तीन अक्षरं.

४ जून

आज लोकसभेची मतमोजणी. अभ्यासिकेत पोरांपेक्षा म्हातारी माणसं जास्त. तेराही मशीनांवर एकच पान. ओपनबीएसडीवर भार पाहत होतो, त्याला झोपच लागलेली.

९ जून

पहिला पाऊस झाला, मातीचा वास खिडकीतून आत. सगळे पेरणीच्या घाईत, त्यामुळे मशीनं रिकामी.

स्विचवर खडूनं रंगांचा क्रम लिहिला होता, भाचीनं तो पुसून ऑइल पेंटनं लिहिला. ती अमरावतीला प्रवेशाच्या चौकशीला गेली आहे. वायरमनभाऊनं शेजारच्या गावातलं ग्रामपंचायतीचं काम घेतलं आणि फोन करून विचारलं, “भाऊ, हिरवी सहावर ना?” सहावर.

११ नंबरचा पॉवर सप्लाय अजून आलेला नाही. खुर्च्या मात्र चौदा आल्या आहेत.